एकतीस बंद घरं

जेवणाची सुट्टी आहे. रेकॉर्ड रूमच्या खिडकीतून ऊन थेट टेबलावर आलंय आणि मी त्या उन्हातच डोकं टेकवलंय. झोपायचं नाहीये मला. तीन वाजता साहेबांकडे रिपोर्ट जायचाय, त्यावर माझी सही व्हायचीय, आणि त्याआधी फक्त दोन मिनिटं डोळे मिटायचे, असं मी स्वतःला बजावते. एकावन्न वर्षांच्या बाईने स्वतःला बजावलेलं कोण ऐकतं! कपाळाखाली रिपोर्टाचं शेवटचं पान आहे. पंखा करकरतोय. बाहेर धनराज शिपाई कुणाला तरी सांगतोय, "मॅडम आतमंदी हाये, डिस्टर्ब नोको करू." त्याचा आवाज आधी जवळ असतो, मग लांब जातो, मग पंख्याच्या आवाजात मिसळतो.

त्या पानावरचा आकडा मला पाठ आहे. अठरा टक्के.

खैरझोड नावाचं गाव आहे. तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. ते पाणी पिऊन आधी दात तपकिरी होतात, मग वर्षानुवर्षं हाडं आखडत जातात. गावातल्या किती टक्के लोकांना हे झालंय, ते आम्हाला काढायचं होतं. पंचवीसच्या वर असेल तर गाव धरणाच्या पाइपलाइनच्या यादीत जाणार, खाली असेल तर नाही. सगळं गाव तपासत बसलो तर वर्ष जाईल, म्हणून दोनशे घरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली आणि प्रत्येक घरातलं एक मोठं माणूस पाहिलं. छत्तीस जणांना निघालं. म्हणजे अठरा टक्के. पण दोनशेच माणसं पाहिली तर खरा आकडा थोडा इकडेतिकडे असणार, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंनी कुंपण घालायचं असतं. ही पद्धत पंच्याण्णव टक्के विश्वासाची, म्हणून त्याला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात, आमच्या ऑफिसात नुसतं 'अंतर'. माझं अंतर बारा पूर्णांक सातपासून तेवीस पूर्णांक तीनपर्यंत आहे. वरचं टोकसुद्धा पंचवीसच्या आत. गाव यादीत बसत नाही, हिशेब स्वच्छ आहे.

"स्वच्छ हाये?" कुणीतरी विचारतं.

समोरच्या रॅकला टेकून भोंगाडे सर उभे आहेत. मनोहर भोंगाडे, ज्यांनी मला नोकरीच्या पहिल्या दिवशी पेन्सिल कशी धरायची इथपासून शिकवलं. खिशाला दोन पेनं, एक लाल, एक निळं. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मागच्या वर्षी त्यांच्या तेरवीला मी स्वतः पंगतीत वरण वाढलंय, त्यामुळे ते इथे असण्यात काहीतरी चुकतंय हे मला कळतं. पण ते कुणाला सांगायचं, ते कळत नाही.

"सर, तुम्ही?"

"काऊन, रिटायर माणसाले फाईल वाचायची बंदी हाये?"

"रिटायर नाही सर. तुम्ही तर..."

"ते हाये," ते म्हणतात, जणू किरकोळ रजेचा अर्ज असावा. "पण ते आत्ता महत्त्वाचं नाही. हे काय लिहिलं तू? एकूण घरं दोनशे. बंद किती होती?"

माझ्या कपाळाखालचा कागद त्यांच्या हातात कसा गेला, याचा विचार करते.

"कुमुद."

"एकतीस."

"मग दोनशे कुठून आले?"

"शेजारचं घर घेतलं सर. सगळेच घेतात. तीनदा दार वाजवायचं, कुणी नाही आलं तर 'बंद' लिहायचं आणि शेजारी जायचं. नमुना पुरा झाला पाहिजे ना!"

"आमच्या वेळेस तीनदा जायचो आपण," सर म्हणतात. "सकाळी एक खेप, दुपारी एक, दिवेलागणीले एक."

"तुमच्या वेळेला जीप पाचच्या आत परत आणायचं बंधन नव्हतं सर."

हे मी जरा फटकन बोलते. मेलेल्या माणसाशी असं बोलू नये हे मला समजतं, पण माझा स्वभाव झोपेतही माझ्याबरोबर असतो. सर हसतात आणि रॅकच्या मागे जातात. मी त्यांच्या मागोमाग फाईल घ्यायला हात पुढे करते, तर हाताला लोखंडी कडी लागते.

खैरझोडची गल्ली आहे. रॅक आहेत तशाच दोन्ही बाजूंना आहेत, पण त्यांना दारं आहेत, दारांवर आमच्याच ऑफिसच्या शिक्क्याने नंबर मारलेत. ऊन इतकं आहे की भिंतींना सावलीच नाही. गल्लीच्या तोंडाशी ड्रायव्हर रफिकभाऊची जीप उभी आहे आणि तिचं इंजिन चालू आहे. मी दार वाजवते. एकदा, दोनदा, तीनदा.

"बंद," मी म्हणते आणि लिहिते.

शेजारच्या ओट्यावर एक तरणा माणूस उभा आहे. "मॅडम, या ना इकडं. मी हाये घरी."

मी त्याला तपासते. तपासणी सोपी आहे, कुणालाही जमते. गुडघे न वाकवता खाली वाकून पायाच्या अंगठ्याला हात लावायचा. हनुवटी छातीला टेकवायची. दोन्ही हात मानेमागे न्यायचे. ज्याची हाडं आखडलीत त्याला जमत नाही. हा माणूस तिन्ही करतो, वरून एक उठाबशी फुकट काढून दाखवतो, हसतो. मी त्याच्या नावापुढे 'नाही' लिहिते. पुढच्या दारावर पुन्हा तसंच. बंद, आणि शेजारी कुणीतरी ठणठणीत उभं. पुन्हा बंद, पुन्हा कुणीतरी उभं. गल्ली संपत नाही. वळणावर तीच जीप दिसते, तेच इंजिन, तोच ओटा.

"हा माणूस दारात का उभा आहे?" सर माझ्या खांद्यामागून विचारतात. त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी आहे, त्यात त्यांचा जुना डबा वाजतोय.

"घरी आहे म्हणून."

"घरी तर ते बंदवालेही असतीन."

"मग उघडत का नाहीत?"

सरांची ही जुनी सवय, प्रश्न तुमच्यापाशी ठेवून स्वतः डबा उघडायचा. ते ओट्यावर बसून डबा उघडतात. आत भात आहे. त्यातलं वरचं एक शीत चिमटीत धरून मला दाखवतात.

"शितावरून भाताची परीक्षा, बरोबर?"

"बरोबर."

"शिजलाय?"

"शिजलाय सर."

ते डबा उलटा करतात. तळाचा भात काळा ठिक्कर करपलेला आहे. "ढवळलाच नाही तर शिताचा काय दोष," म्हणतात आणि तो काळा भात मुकाट्याने खायला लागतात. मी त्यांना पाणी द्यायला म्हणून त्या तरण्या माणसाच्या घरात शिरते, आणि शिरल्या शिरल्या मागचं दार नाहीसं होतं.

खोली अरुंद आहे. डावीकडच्या भिंतीवर गेरूने लिहिलंय, बारा पूर्णांक सात. उजवीकडे, तेवीस पूर्णांक तीन. मी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं लागतात. वर छत आहे की नाही ते दिसत नाही, पण उजेड कुठूनतरी येतोय. छातीच्या उंचीवर एक गवाक्ष आहे, त्यातून सरांचा चष्मा दिसतो.

"सर, दार कुठाय?"

"अंतर तू बांधलं. दार तुले माहीत."

मी भिंती चाचपडते. कुठेच फट नाही. मग मला सुचतं. आयुष्यभर अडचण आली की मी जे करत आलेय, तेच. "सर, नमुना वाढवते. दोनशे पुरत नसतील, आठशे घरं घेते. कुणाची बोलायची हिंमत होणार नाही."

"वाढव."

ते गवाक्षातून फॉर्मांचे गठ्ठे आत टाकायला लागतात. मी भराभर भरते, 'हो', 'नाही', 'नाही', 'नाही'. उरलेले सहाशे फॉर्म भरून झाले तशा दोन्ही भिंती सरकतात आणि खोली निम्मी होते. चौपट नमुना घेतला की अंतर निम्मं होतं, हे मी स्वतः दरवर्षी नव्या पोरींना शिकवते. आता हात पसरता येत नाहीत, कोपरं भिंतीला लागतात.

"आणखी पाठवू?" सर विचारतात. "बत्तीसशे कर. मस्त बारीक होईन. तुले आवडते ना बारीक."

हो, मला आवडतं. कबूल करायला लाज कसली! जिल्ह्यात माझ्याइतकी अरुंद अंतरं कुणाची नसतात. मीटिंगमध्ये साहेब माझे तक्ते वर धरून दाखवतात, तेव्हा मी खाली बघते आणि आतून फुगते. पण आता भिंतीचा गारवा ब्लाऊजमधून पाठीला लागतोय आणि समोरची भिंत माझ्या श्वासाने दमट झालीय.

"नको सर. बास झालं. श्वास घ्यायला जागा राहिली नाही."

"गाव दिसते काय तिथून?"

मी मान वळवायचा प्रयत्न करते. उजव्या भिंतीत एक बारीक चीर आहे, तिच्यातून पलीकडे माळ दिसतो, आणि माळाच्या पार टोकाला खैरझोड दिसतं. घरं, बोअरचा हापसा, शाळेचा झेंड्याचा खांब. सगळं गाव भिंतीच्या बाहेर आहे. मी इतका वेळ आत चिरडतेय आणि ज्याच्यासाठी ही खोली बांधली ते गाव आत नाहीच.

"माझा पंच्याण्णव टक्के विश्वास आहे सर!" मी ओरडते. भीतीने माझा आवाज पोरीसारखा चिरका झालाय.

"कोणावर?"

"पद्धतीवर."

"कोणत्या? जी वापरली नाही तिच्यावर?"

मला रडू येतं. रागाने येतं की शरमेने, ते मला ओळखू येत नाही. सरांनी मला कधी रडवलं नव्हतं. माझी पहिली मोजणी पूर्ण चुकली होती तेव्हाही त्यांनी चहा मागवला होता आणि म्हणाले होते, चूक सापडली म्हणजे माणूस हुशार आहे. आज चहा नाही.

"तुम्ही कधीच नाही केलं असं?" मी विचारते.

"केलं ना," ते म्हणतात. "एकदाच केलं. म्हणून तर तीन खेपांचा नियम काढला मी. नियम काय आभाळातून पडते काय?"

मग ते शांतपणे विचारतात, "अठ्ठ्याऐंशी नंबरले काय झालं?"

"बंद होतं."

भिंती पुसटशा सरकतात.

"कुमुद."

"बंद होतं सर. मी लिहिलंय. बघा ना यादीत."

"लिहिलं ते पाहिलं मी. ऐकलं काय, ते सांग."

आता माझी बरगडी दुखतेय. तोंड वर करावं तेव्हा थोडी हवा मिळते. आणि मी सांगते. आजपर्यंत कुणालाही सांगितलं नाही, रफिकभाऊला नाही, धनराजला नाही, स्वतःला तर मुळीच नाही. मी तीनदा दार वाजवलं. तिसऱ्या वेळी आतून म्हातारीचा आवाज आला. खूप आतून, जमिनीलगत असल्यासारखा. "येऊन राह्यली वं माय, थांब जराशी." मी थांबले. मनात दहा आकडे मोजले. आत काहीतरी सरपटल्याचा आवाज येत होता, पुन्हा थांबत होता, पुन्हा येत होता. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. शेजारचा पोरगेलासा माणूस म्हणाला, "तिले लय टाइम लागते मॅडम, माझं घ्या ना." आणि मी अठ्ठ्याऐंशीपुढे 'बंद' लिहिलं.

"दहापर्यंत मोजलं," मी सरांना सांगते. "अकरावा आकडा मोजला नाही मी."

"बाकीच्या तीस दारांमागं?"

"ऐकलंच नाही सर. कान दिला नाही."

"मग आता सांग, तो ओट्यावरचा माणूस दारात का उभा होता?"

"उभं राहता येतं म्हणून," मी म्हणते.

बोलून टाकलं की मोकळं वाटतं म्हणतात. मला तसं काही वाटत नाही. भिंती मागे जातात हे खरं, पण दुसऱ्याच खोलीच्या होतात. मातीच्या, धुराने काळ्या झालेल्या. एका कोपऱ्यात थंड चूल, तिच्यावर झाकलेली पातेली. खुंटीला लुगडं. माठाजवळ पेल्यात पाणी, अगदी नितळ, तळाची नक्षी दिसावी इतकं. मी खाली बसलेली आहे. जमीन नुकतीच सारवलेली आहे, शेणाचा ओला वास येतोय. दार समोर आहे. माझ्यापासून पंधरा हात असेल, फार तर. आतून कडी लावलेली दिसते.

मी उठते. म्हणजे उठायचं ठरवते, पण गुडघे सरळ होत नाहीत.

"वाकून अंगठ्याले हात लाव," सर म्हणतात. ते कोपऱ्यात पाटावर बसलेत आणि त्यांच्या मांडीवर फॉर्म आहे.

"लागत नाही सर."

"हनुवटी छातीले."

मान दगडी झाल्यासारखी आहे. मी जोर लावते तसं डोळ्यात पाणी येतं. "नाही होत."

"हात मानेमागं."

हात खांद्यापर्यंत येतात आणि तिथेच अडकतात. सर लाल पेनाने फॉर्मवर एक खूण करतात. 'हो'ची खूण. मला ती खूण वाचता येते, मी स्वतः छत्तीस वेळा केलीय.

"सर, दार उघडा ना. तुम्हाला उठता येतं."

"मी उघडलं असतं बाप्पा," ते म्हणतात, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज थोडा घोगरा होतो. "पण माझं नाव आता कोणत्याच यादीत नाही. मेलेल्या माणसाले नमुन्यात धरत नाहीत. तूच जा."

आणि दारावर थाप पडते.

कुणीतरी आलंय! इतक्या वेळात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या दाराशी आलंय. मी दोन्ही तळहात जमिनीवर टेकते आणि अंग पुढे ओढते. ओलं सारवण हाताखाली घसरतं. दुसरी थाप. मी आणखी हातभर सरकते. पाय मागे ओढणीसारखे येतात, त्यांचा मला काही उपयोग नाही. चूल मागे पडते. माठ मागे पडतो. पण दार तेवढंच लांब राहतं, पंधरा हात.

"येऊन राह्यली!" मी ओरडते. तो माझा आवाज नाही, मी कधी अशी बोलत नाही, पण घशातून तोच निघतो. "येऊन राह्यली वं माय, थांब जराशी!"

तिसरी थाप.

मग शांत होतं. बाहेर कुणीतरी उभं आहे. मला त्या बाईचा श्वास ऐकू येतोय, पायातल्या सँडलचा आवाज ऐकू येतोय, ती वही उघडतेय ते ऐकू येतंय. ती मोजतेय. मला माहीत आहे ती कुठपर्यंत मोजणार. मी हाताची बोटं जमिनीत रुतवते आणि ओढते, ओढते. सात झाले असतील. आठ. मी आता बोलण्यात दम घालवत नाही. नऊ. लांबून हॉर्न वाजतो.

"बंद," माझाच आवाज दाराबाहेर म्हणतो. "चला, पुढचं."

"बाई!" मी ओरडते. "अगं ए बाई! मी आहे ना आत!"

मी मागे वळून सरांकडे बघते. पाट रिकामा आहे. पाटावर त्यांचं लाल पेन आहे, टोपण उघडं, आणि दारावर पुन्हा थाप पडते.

"मॅडम! ओ मॅडम! तीन वाजले."

रेकॉर्ड रूम. ऊन टेबलावरून खाली उतरून भिंतीशी गेलंय. पंखा करकरतोय. दाराबाहेर धनराज आहे. आतून कडी मीच लावली होती, कुणी त्रास देऊ नये म्हणून. मी उठायला जाते, तर दोन्ही पाय मुंग्या येऊन बधिर झालेत. खुर्चीचा दांडा धरून अर्धी उठते, पुन्हा खाली बसते. "आले," असं मी म्हणते, पण शब्द टेबलापर्यंतही पोचत नाही.

तो पुन्हा वाजवतो. मग मला ऐकू येतं, तो कुणाला तरी सांगतोय, "नाई वाटते मॅडम. मी चहाले गेलतो, तवा गेल्या असन बाहेर."

त्याची पावलं लांब जायला लागतात.

"आहे मी!" मी जीव खाऊन ओरडते. "धनराज! आहे मी आत! थांब!"

पावलं थांबतात, धावत परत येतात. तो बाहेर थांबतो. मी टेबल, मग रॅक, मग भिंत धरत धरत दारापाशी जाते. दहा पावलांच्या वाटेला किती वेळ लागतो ते आज मला कळतं. कडी काढते.

"काय झालं वो मॅडम? तब्येत बरी नाही काय?" तो माझ्या चेहऱ्याकडे बघतो, मग खाली बघतो. "हाताले काय लागलं?"

मी हात वर करते. दोन्ही तळहात हिरवट करड्या रंगाने माखलेत. अजून ओलं आहे. उजव्या अंगठ्याच्या नखात गवताची एक काडी अडकलीय. मी वास घेते. ऑफिसच्या फरश्या धनराज रोज फिनेलने पुसतो, दोन मजले खाली उतरल्याशिवाय इथे मातीसुद्धा दिसत नाही.

"शेण हाये हे," तो वाकून बघत म्हणतो. "कुठून आलं?"

मी टेबलाशी जाते, रिपोर्टाचं शेवटचं पान समोर घेते. 'गाव निकषात बसत नाही' या ओळीवर काट मारते. हाताने पानाला डाग पडतात, पडू देत. मग खाली लिहिते. तपासलेली घरं एकशे एकोणसत्तर, त्यांत तेहेतीस जण बाधित; छत्तीसपैकी तिघे बदली घेतलेल्या शेजारघरांतले, ते वगळले. न तपासलेली घरं एकतीस, जी मी तपासल्याचं दाखवलं. त्या एकतीस घरांत एकालाही त्रास नसेल तर साडेसोळा टक्के, सगळ्यांना असेल तर बत्तीस, आणि नेहमीचं अंतर त्याच्यावर वेगळं. माझ्या नोकरीतलं सर्वांत ढगळ, सर्वांत बेढब उत्तर. पंचवीसचा आकडा बरोब्बर त्याच्या मधोमध लोंबकळतोय. 'या तपासणीवरून गाव यादीबाहेर काढता येणार नाही. एकतीस घरी पुन्हा जाते,' असं लिहून मी सही करते.

धनराज पान हातात घेऊन घुटमळतो. "मॅडम, साहेब भडकतीन."

"भडकू दे. रफिकभाऊंना जीप काढायला सांग. आत्ता एक खेप, उद्या सकाळी दुसरी, संध्याकाळी तिसरी."

"हात तरी धुवा."

"तू जा आधी."

तो जातो. मी बंद घरांची यादी काढते. अठ्ठ्याऐंशी नंबरसमोर नाव आहे, ते मी इतक्या दिवसांत एकदाही वाचलं नव्हतं. रेवताबाई कोडापे, वय अडुसष्ट. टेबलावरचा फोन उचलते आणि गावातल्या आशा कार्यकर्तीला लावून रेवताबाईंचं नाव सांगते. ती पलीकडून विचारते, मॅडम, मी जाऊन सांगू काय त्या आजीले, दार उघडं ठेवाले?

"सांगा की कुमुद पाचपोर येतेय," मी म्हणते. "आणि सांगा, थाप ऐकली की उठायची घाई करू नका. कितीही वेळ लागू दे. मी दारात थांबते."

फोन खाली ठेवते, तर काळ्या रिसीव्हरवर माझी पाच बोटं उमटलेली आहेत, करडी आणि ओली.